इच्छापोरच्या बांधावरची अकरा मिनिटं

सुकदेव निकुंभने पाणमांजर पहिल्यांदा पाहिलं ते एका नवरदेवाच्या खांद्यावरून. तापीकाठी लग्नाआधीचं शूटिंग चाललं होतं. नवरी हसता हसता थांबली आणि पाण्याकडे बोट दाखवू लागली. पाच काळपट डोकी एका ओळीत प्रवाहाच्या उलट पोहत होती. सुकदेवने कॅमेरा तिकडे वळवला, तो काही परत नवरदेवाकडे आला नाही. नंतर मुलाच्या बापाने त्याला खूप सुनावलं म्हणे. हे त्याने मला सांगितलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर अपमानाची खूणही नव्हती.

मी तेव्हा लिंबायतच्या मराठी शाळेत विज्ञान शिकवत होते. तो आमच्या स्नेहसंमेलनाचं चित्रण करायला आला होता, आणि कार्यक्रम संपल्यावर वायर गुंडाळत त्याने विचारलं, "गौरीताई, हे इथले गुजराती लोक जळबिलाडी म्हणतात ते आपलं पाणमांजरच का?" तिथून आमची ओळख.

तो गोडादऱ्याचा. वडील शिरपूरकडून कापडाच्या लूमवर कामाला आलेले. तीस वर्षांच्या खडखडाटाने त्यांचे कान गेले होते. घरात सगळे त्यांच्याशी हातवारे करून बोलत. त्यामुळे असेल कदाचित, पण सुकदेवला चित्रापेक्षा आवाजाचं वेड जास्त. लग्नाच्या हंगामात रात्रंदिवस काम करायचा आणि उरलेले महिने हजिऱ्याच्या रस्त्याने खाड्यांवर भटकायचा. पाणमांजरं एकमेकांना बोलावतात ती शीळ त्याने चार वर्षांत कितीतरी वेळा टिपली. कोणती आईची, कोणती पिल्लाची, हे तो डोळे मिटून सांगायचा.

पिल्लं मात्र त्याला जवळून कधी दिसली नव्हती. ती दाखवली पांडुरंग घुगे यांनी.

पांडुरंग परभणीकडचे. इच्छापोरच्या पुढे एका झिंगा तलावावर, म्हणजे कोळंबीच्या तळ्यावर, राखणदार होते, तिथेच पत्र्याच्या खोलीत एकटे राहायचे. तलावाच्या बांधात, वेड्या बाभळीच्या मुळांखाली, एका मादीने बीळ केलं होतं. रोज थोडी कोळंबी जायची. मालकाला ते 'बगळे खातात' म्हणून सांगत. पाणमांजर दिसलं की तलाववाले सापळा लावतात, हे त्यांना माहीत होतं. सुकदेवला बिळापाशी नेण्याआधी त्यांनी एकच अट घातली. चित्रण करा, पण जागा कुणाला कळता कामा नये. सुकदेवने त्यांच्या हातावर हात ठेवून वचन दिलं.

फिल्म झाली सव्वीस मिनिटांची. मजकूर मी लिहिला आणि वाचलाही मीच. गावाचं नाव नाही, खाडीचं नाव नाही, पांडुरंगचं तर नाहीच. फक्त एक दृश्य होतं. आई पिल्लाला मानेशी धरून बांधावरून चालली आहे, मागे सकाळचं कोवळं ऊन आणि विजेचा टॉवर. टॉवरवर पिवळी पाटी, पाटीवर त्या टॉवरचा स्वतःचा आकडा.

"हे दृश्य काप," मी म्हटलं.

त्याने ते दृश्य पुन्हा चालवलं. म्हणाला की असं पुन्हा मिळणार नाही, आणि तो आकडा कोण वाचत बसणार. मी पुन्हा म्हटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही ते दृश्य हवं होतं.

फिल्मला दोन ठिकाणी बक्षिसं मिळाली. मग तिचे तुकडे होऊन फोनोफोनी फिरू लागले, आणि सगळ्यात जास्त फिरला तो हाच तुकडा. सुकदेवच्या आईला शेजारणीने तो फोनवर दाखवला. आम्हा सगळ्यांसारखं कौतुक तिने केलं नाही. लेकाला एवढंच म्हणाली, "तू तिना पोरं दखाडी दिधात." तिची पिल्लं तू दाखवून दिलीस. बाळंतिणीच्या खोलीत परक्याला सोडू नये, अशा काहीतरी समजुतीतून ती बोलली असेल असं सुकदेवला वाटलं आणि तो हसला.

पुढच्या आठवड्यात पांडुरंगचा फोन आला. मालकाच्या पुतण्याने तो तुकडा थांबवून, मोठा करून पाटीवरचा आकडा वाचला होता. पांडुरंगना दुसऱ्या तळ्यावर धाडून मालकाने जेसीबी आणला आणि 'बांधाची दुरुस्ती' करून घेतली. सुकदेव गोडादऱ्याहून मोटरसायकलवर निघाला. पोचला तेव्हा यंत्र निघून गेलं होतं, पांडुरंग परत आले होते. बाभूळ आडवी पडली होती. बिळाच्या जागी पिवळी ओली माती थापलेली, आणि त्या मातीवर आई होती. ती दोन पायांवर उभी राही, शीळ घाली, कान देऊन थांबे, मग माती उकरे. पुन्हा उभी राही.

सुकदेवने खांद्यावरची पिशवी उघडली आणि कॅमेरा काढला.

पांडुरंगना वाटलं, पुरावा गोळा करतोय. ते बाजूला उभे राहिले. अकरा मिनिटं गेली. मग सुकदेवनेच कॅमेरा खाली ठेवला आणि फावडं मागितलं. माणसं जवळ येताना पाहून आई पाण्यात शिरली आणि तिथून बघत राहिली. हात-दीड हात खाली दोन पिल्लं सापडली. अंग अजून गरम होतं. तिसरं सापडलं नाही. फिल्ममध्ये तीन होती, बिळातून तीनच बाहेर यायची. दुसऱ्या दिवशी त्याने सगळा बांध उकरला. तिसरं कुठेच नव्हतं.

त्यानंतर चार दिवस आई त्या जागी येत होती, असं पांडुरंगनी सांगितलं. पाचव्या दिवशी मालकाने त्यांनाच कामावरून काढलं.

वनखात्याकडे तक्रार गेली. पुरावा म्हणून सुकदेवने ती अकरा मिनिटं दिली. जबाब घेणाऱ्या अधिकाऱ्याने ती पूर्ण पाहिली, चित्राच्या कोपऱ्यातली वेळ कागदावर उतरवून घेतली आणि शांतपणे विचारलं, "एवढा वेळ तुम्ही चित्रणच करत होता?" तो 'हो' म्हणाला आणि जबाबाखाली सही केली. प्रकरण अजून चालू आहे. मालकाचं म्हणणं, बांधाची दुरुस्ती होती, आत काही असेल हे ठाऊक नव्हतं.

महिनाभराने तो माझ्याकडे आला. पाणी दिलं ते तसंच राहिलं. मी म्हटलं की पुरावा लागणारच होता, तू योग्यच केलंस. त्याने नकारार्थी मान हलवली.

"पुरावा माझ्या डोक्यातच नव्हता, ताई. उजेड फार चांगला होता."



त्याने फिल्म सगळीकडून काढून घेतली, पण तुकडे कुठले परत येतात. एका हळदीला मुलीच्या मामाने त्याला आपला फोन दाखवला, 'बघा किती गोड.' तो स्वतःचंच दृश्य बघत उभा राहिला, माझा आवाज ऐकत. माझ्या वर्गातल्या मुलींनीही मला दाखवलं. 'ही आई आपल्या लेकरांना सुरक्षित जागी नेत आहे,' असं मीच त्यात म्हणते आहे.

शीळ त्याला कुठेही ऐकू येऊ लागली. लग्नाचं संकलन करताना सनईच्या मागून. मग संगणक बंद केल्यावरही. एकदा भर दुपारी लिंबायतच्या बाजारात माझ्याशी बोलता बोलता तो थांबला, कान देऊन उभा राहिला. लोक धक्के देत पुढे जात होते. "आईची नाही," तो म्हणाला. "पिल्लाची आहे." ते हरवलेलं तिसरं त्याच्या मागे लागलं होतं. मेलेली दोन त्याने स्वतः पुरली होती, त्यांच्याबद्दल तो कधी बोलला नाही.

वर्षभराने तो पांडुरंगना शोधत पलसाण्याला गेला. ते तिथे एका रंगाईच्या कारखान्यात लागले होते, नखांपर्यंत निळे झालेले. सुकदेव माफी मागायला गेला होता. पांडुरंगनी त्याला टपरीवर बसवून चहा पाजला, त्याचं सगळं ऐकून घेतलं. माफ केलं असं काही ते म्हणाले नाहीत.

"माझ्यापुढं रडून काय व्हणार?" ते म्हणाले. "त्या तलावांवर जा. तिथं अजून लोक सापळे लावतेत."

म्हणून तो जाऊ लागला, कॅमेरा घरी ठेवून. तलाववाले आधी हाकलून देत. कोळंबीचं नुकसान होतं हे त्यांचं म्हणणं त्याने कधी खोडलं नाही. बांधाभोवती जुनी मासेमारीची जाळी जमिनीत वीतभर गाडून उभी केली तर पाणमांजर आत शिरत नाही, हे त्याने एका तळ्यावर स्वतःच्या हाताने करून दाखवलं. तीन वर्षांत चौदा तलावांवर जाळी लागली. त्या तळ्यांवरचे सापळे गेले. एका संस्थेने त्याच्याकडे बिळांचा नकाशा मागितला, तेव्हा त्याने सांगितलं की नकाशा नाही. खरंच नाही. तो काहीच लिहून ठेवत नाही.

मी अधूनमधून त्याच्याबरोबर जाते. तो बोलायचा थांबतो, कुठेतरी कान देतो, पुन्हा चालू लागतो. 

यंदाच्या जानेवारीत सकाळी आम्ही ओहोटीच्या वेळी एका खाडीकाठी होतो. चिखलात ठसे होते, ताजे. एका मोठ्याचे, आणि शेजारून दोन लहानांचे. ते वळणापलीकडे, दाट झुडपांकडे गेले होते. मी पुढे निघाले, तशी सुकदेवने माझी बाही धरली. त्याने जवळची बाभळीची वाळकी फांदी मोडून घेतली आणि वळणापासून मागे मागे येत, वाकून, एकेक ठसा चिखलात पुसून टाकला. बराच वेळ लागला. भरतीने ते तसेही पुसले गेले असते, पण भरतीला अजून चार तास होते. मग त्याने हात धुतले आणि आम्ही पुढच्या तलावावर गेलो. तिथला मालक जाळी कशी गाडायची ते विचारायला थांबला होता.