भात खाणाऱ्यांचा गहू

माझ्या बाबांशी वाद घालून जिंकलेला माणूस मी पाहिला नाही. भांडुपला आमची पिठाची चक्की होती. चक्की चालू असली की ओरडूनच बोलावं लागतं, त्यामुळे आमच्या घरातले यच्चयावत विचार मी ओरडून सांगितलेलेच ऐकले. शेजाऱ्यांना वाटायचं, भांडण चाललंय. बऱ्याचदा ते भांडणच असायचं म्हणा.

बाबांचं म्हणणं सोपं होतं. सरकारने रस्ते करावेत, चोर पकडावेत आणि गप्प बसावं. बाकी माणूस आपलं आपण बघतो. भाव घेणाऱ्याने आणि देणाऱ्याने ठरवावा, तिथे तिसऱ्याचं काय काम? आमच्या वस्तीत असं बोलणं म्हणजे देवळात चपला घालून शिरण्यासारखं. सगळी कोकणातून आलेली कापडगिरणी कामगारांची घरं, मोर्चे बघत वाढलेली. माझे आजोबाही गिरणीतलेच. संपात घर धुऊन निघालं तेव्हा बाबा शाळेत होते. आजोबा मरेपर्यंत जेवायला बसताना मालकाच्या नावाने शिव्या घालायचे. बाबांनी त्यातून भलताच धडा घेतला: आपलं पोट मालकाच्याही हातात द्यायचं नाही आणि युनियनच्याही नाही. म्हणून चक्की टाकली.

आणि एवढं सगळं मोकळं मोकळं बोलणारा हा माणूस वागायला पक्का जुन्या वळणाचा. उपवासाचं पीठ दळायचं तर दगड स्वच्छ करून, आणि त्या सकाळी दुसरं धान्य चक्कीत जाणार नाही म्हणजे नाही. चकलीच्या भाजणीचा दिवस वेगळा. मी म्हणायची, "बाबा, कोण बघतंय एवढं?" तर म्हणायचे, "पिढ्यान्‌पिढ्या चाललेली गोष्ट मोडायच्या आधी ती कशासाठी होती ते विचार. नाही कळलं तर मोडू नको."

यावर ज्वारीवाले काका उखडायचे. काका मराठवाड्यातले, बौद्ध, महापालिकेतून निवृत्त झालेले, आणि बाबांचे एकुलते एक खरे मित्र. दर आठवड्याला ज्वारीचा डबा घेऊन यायचे आणि दळण झाल्यावरही तासभर हलायचे नाहीत. "परंपरा म्हणे! तुझ्या त्या परंपरेने माझ्या आज्याला पाणवठ्यावर उभं नाही केलं."

"म्हणून तर बाजार पाहिजे," बाबा ओरडायचे. "माझी चक्की जात विचारत नाही. डबा विचारते."

"चक्की नाही विचारत रे. चक्कीवाला विचारू शकतो ना!"

बाबा हसायचे. काकांच्या पिठाचा डबा मात्र स्वतः फडक्याने पुसून द्यायचे.

मग तयार पिठाच्या पिशव्या आल्या. पहिल्यांदा मोठ्या दुकानात, नंतर फोनवरून थेट दारात. गहू निवडायला कुणाला वेळ आहे? बायका नोकरीला जातात, मीही अंधेरीला जायची. डबे कमी होत गेले. आजूबाजूच्या चक्कीवाल्यांनी मोर्चा काढायचं ठरवलं, बाबांना बोलावलं. बाबा गेले नाहीत.

मी भडकले. "मोठ्या कंपनीला दोन वर्षं तोटा परवडतो, तुम्हाला दोन महिने परवडत नाही. ह्याला बाजार म्हणतात की कुस्ती? तीही पहिलवानाची आणि पोराची!"

"असेल. पण गिऱ्हाईक माझ्या मालकीचं नाही. मी काय सांगू, माझ्याकडेच दळा, नाहीतर पोलीस आणतो?"

हे बोलताना त्यांचा आवाज नेहमीसारखा चढला नव्हता. चक्कीत त्यांचा जीव होता, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. ती चालायला हवी होती, पण कुणाच्या मेहेरबानीवर नको होती. त्यांचं सगळं तेवढ्यावर अडलं होतं.

आणि काय सांगू, गणपती झाले आणि डबे वाढले! खरंच वाढले. संध्याकाळी पुन्हा थोडी रांग दिसायला लागली. बाबांचं अंग जणू हलकं झालं. कारागीर बोलावून गुळगुळीत झालेल्या दगडांना टाकी लावून घेतली, शटरला रंग दिला. रात्री जेवताना मला म्हणाले, "बघ, सांगत होतो ना? माणसाला चव कळते. दोन दिवस इकडेतिकडे जाईल, पण येईल परत." मीही म्हटलं, हरले बाई एकदाची. इतक्या आनंदाने मी कधी हरले नव्हते. आई खाली मान घालून जेवत होती.

शनिवारी मला सुट्टी, म्हणून मी चक्कीवर बसले होते. समोरच्या मावशी डबा घेऊन आल्या. मावशी मालवणकडच्या, नवरा गेलेला, मुलगा डोंबिवलीला, घरात एकट्या. बाबांनी त्यांचा गहू चक्कीत ओतला, निम्मा दळला आणि एकदम मशीन बंद केलं. एवढी शांतता झाली की मला रस्त्यावरची रिक्षा ऐकू आली.

"मावशी," बाबा हसतच म्हणाले, "तुम्ही तर दोन्ही वेळ भात खाणारी बाई. एवढो गहू खाता कोण तुमच्याकडे? गेल्या आठवड्यात पण आणलेलात."

"डॉक्टरान सांगल्यान चपाती खा म्हणून."

"तुमच्या दातांनी?"

मावशींना हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले. खोटं बोलायची सवय नाही हो त्या बाईला. "तुझ्या बायलेन सांगल्यान रे झिला. चक्की बंद पडली तर तू खंय बसतलस?"

मग सगळंच बाहेर आलं. आई घरोघरी गेली होती. तयार पीठ घ्यायचं ते घ्या, पण चार मुठी गहू इकडेही आणा, त्यांना कळू देऊ नका. आमच्या वस्तीत कुणाचं अडलं की असंच करायची रीत. आजारपण असो, लग्न असो. बायका पाळीपाळीने येत होत्या. भात खाणाऱ्या घरांतून गहू येत होता आणि त्याचं पीठ देवळातल्या जेवणाला जात होतं. काकांची ज्वारी तेवढी खरी होती.

बाबांनी मशीन चालू केलं, मावशींचा उरलेला गहू दळला, झाकण लावून डबा त्यांच्या घरापर्यंत नेऊन दिला. शटर खाली ओढलं. त्यानंतर ते वर गेलं नाही.

घरी आईने सगळी तयारी ठेवली होती ऐकून घ्यायची. बाबा जेवले, हात धुतले. शेवटी आईच म्हणाली, "अहो, बोला ना काहीतरी! माणसं प्रेमाने येत होती."

"प्रेमाने घरी यावं. वर्गणीवर गणपती चालतो, धंदा चालत नाही." मग टॉवेलला हात पुसत, आमच्याकडे न बघता म्हणाले, "मला वाटलं, माझं पीठ त्यांना हवं आहे."

आई आत जाऊन रडली. मी कुणाची बाजू घ्यायची तेच मला कळेना.

दुसऱ्या दिवशी काका ज्वारीचा डबा घेऊन घरी आले आणि खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "जन्मभर माझं डोकं खाल्लंस ना, सरकार नको, माणसं आपलं आपण बघतात म्हणून? बघितलं की रे माणसांनी! सरकारने सांगितलं नाही, कायदा नाही, सक्ती नाही. तुझंच खरं झालं. आता कशाला तोंड फिरवतोस?"

मला वाटलं, आता बाबा उसळतील. एवढा चांगला मुद्दा त्यांच्या बाजूने त्यांनी स्वतः कधी मांडला नव्हता. पण त्यांनी नुसता काकांचा डबा त्यांच्याकडे परत सरकवला. म्हणाले, "ज्वारीला दुसरी चक्की बघ. पुलाच्या पलीकडचा बारीक दळतो."

मशीन विकलं. बाबा घरात बसले आणि घर फार शांत झालं. वाद नाही, आरडाओरडा नाही. पिठाच्या धुळीने छाती आधीच खराब झाली होती, ती पुढच्या पावसाळ्यात फारच बिघडली. मुलुंडच्या हॉस्पिटलात ठेवलं. एका दुपारी मी एकटीच जवळ होते, आणि माझा धीर सुटला. म्हटलं, "बाबा, एकदा तरी चिडा हो. कंपनीला शिव्या द्या, आईला बोला, मला बोला. असे आतल्या आत नका राहू."

त्यांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला. शब्द सुटे सुटे येत होते, आणि एरवी आमच्याशी ते कधी बोलत नसत ती गावची बोली त्यांच्या तोंडात आली होती.

"कोणाक बोलू? तुझ्या आयशीचा चुकला नाय. मावशीचा चुकला नाय. पिशवी विकणाऱ्याचा नाय, घेणाऱ्याचा पण नाय." दम घ्यायला थांबले. "माजापण नाय चुकला. मगे ह्या दुखता कित्याक गो, चेडवा?"

लहानपणापासून मी त्यांना उलट उत्तरं देत आले. त्या दुपारी मी मास्क नीट लावला आणि त्यांची पाठ चोळत राहिले. ते घरी परत आले नाहीत.