पुलाआधी उतरणारे

दोंडाईच्याच्या एसटीत ते माझ्या शेजारी बसत. पुलांचे पाये न फोडता तपासणं हे त्यांचं काम. पायावर हलकी हातोडी मारायची आणि आतून परतणारी थरथर यंत्रावर बघायची. सवयीने ते एसटीची खिडकीसुद्धा बोटाने वाजवत.

नव्या पुलाचा एक पाया आतून पोकळ आहे, असं त्यांनी साहेबांना सांगितलं होतं. तरी पूल झालाच. मग ते रोज पुलाआधी उतरून कोरड्या नदीतून चालत पलीकडे यायचे. कंडक्टर हसत गाडी थांबवायचा.

एके दिवशी ते उतरलेच नाहीत. मी कारण विचारलं. एरवी ऑफिसची मराठी बोलणारे ते म्हणाले, "मी एकलाच वाचीसन काय करू, भाऊ? बठ्ठं गाव तं पुलावरूनच जास."

गाडी पुलावर चढली, तशी त्यांनी बोटं मुठीत घट्ट मिटून घेतली.