पाडव्याला वाढणारी वयं

यंत्राला 'अहो' म्हणणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो पोलीस खात्यात होता. नव्वदच्या दशकात मी पुण्याहून नोकरीसाठी बंगळूरला गेले आणि राजाजीनगरात अण्णांच्या माडीवर भाड्याने राहिले. अण्णा मूळचे निपाणीकडचे, पोलीस कंट्रोल रूममध्ये हेड कॉन्स्टेबल. तिथला जुनाट कंप्युटर काळ्या पडद्यावर चार हिरवी अक्षरं उमटवायला मिनिटभर घ्यायचा, पण अण्णांच्या लेखी तो घरातला वडीलधारा होता. आल्याबरोबर ते त्याच्यावरचा टॉवेल हलक्या हाताने काढत, आयुधपूजेला कीबोर्डाला हळदकुंकू लावत, आणि कुणी बटणं बडवायला लागलं की म्हणत, "स्वल्प दमानं घे की रे. त्यांना घाई केलेली सोसत न्हाई." एका वर्षी ते कुंकू फ्लॉपीच्या फटीत गेलं आणि यंत्र दोन दिवस बंद पडलं. अण्णांनी तो त्यांचा उपास मानला.

खरं तर फोन आला की पोलिसांच्या गाड्या धाडायचं काम यंत्र करतच नसे, अण्णा करत. घाबरलेला माणूस फोनवर पत्ता थोडाच सांगतो? तो सांगतो, "बंद टॉकीजच्या मागं, म्हैस बांधलेली असते तिथं." यंत्राला म्हैस सापडत नसे. अण्णांना म्हैसही ठाऊक असे आणि तिचा मालकही. गाडी निघाली, की मग ते एका बोटाने सगळं सावकाश टाइप करत बसत. का, तर "त्यांच्या कानावर घातलेलं बरं."

गल्लीबोळ असे पाठ असलेल्या या माणसाचा धाकटा मुलगा याच शहरात हरवला होता. सात वर्षांचा. अण्णा बसस्टँडवर तिकिटाच्या रांगेत होते, वळून पाहिलं तर मुलगा नाही. त्यांच्या पत्नीने, अक्कांनी, पहिल्याच आठवड्यात मला हे एका वाक्यात सांगितलं आणि पुन्हा विषय काढला नाही. अण्णा तर कधीच बोलले नाहीत. फक्त वाटेत मिसरूड फुटलेला कुणी पोरगा दिसला की सायकल थांबवून त्याला गाव विचारत. लाज वाटते सांगायला, पण मला त्याचं हसू यायचं.

पुढे कंट्रोल रूमची यंत्रं बदलायचं काम आमच्याच कंपनीला मिळालं आणि जुन्या नोंदी नव्या यंत्रात न्यायचं माझ्याकडे आलं. दुसऱ्याच्या चुका शोधण्यात आम्हा पुणेकरांचा हात कोण धरणार? हरवलेल्या मुलांच्या नोंदी उघडल्या आणि मी कपाळाला हात लावला. रजिस्टरात वय पाच, यंत्रात तेरा. रजिस्टरात नऊ, यंत्रात पंधरा. कंट्रोल रूमचे साहेब म्हणाले, "कागद हाच पुरावा. कागदाप्रमाणे करून टाका." मी एका दुपारी छोटासा प्रोग्रॅम लिहिला आणि सगळी वयं कागदाबरहुकूम करून टाकली. एकही नाव वाचलं नाही.

नवं यंत्र सुरू झालं त्या दिवशी अण्णांनी उंदराच्या शेपटीला धरावं तसा माऊस धरला आणि सगळ्यात आधी आपल्या मुलाची नोंद काढली. मग मला हाक मारली.

"पोरी, हे सात कुणी केलं?"

"मीच, अण्णा. जुन्यात सोळा पडलं होतं. चूक होती."

"चूक न्हवती. दर पाडव्याला येऊन मी एकेक वरीस वाढवत होतो. सगळ्याच पोरांचं. सोळा वर्षांचं पोर कुठं गावलं, आणि हितं सातच असलं, तर हुडकणारा कसा हुडकंल?"

पाडव्याला सगळं शहर सुट्टीवर असताना हा माणूस कडुलिंब-गुळाची चव तोंडात घेऊन ड्यूटीवर का पळतो, ते मला तेव्हा कळलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अण्णा, जुनी प्रत आहे. आजच सगळं पहिल्यासारखं करते. यापुढे वय आपोआप वाढेल अशीही सोय करते," मी म्हणाले.

"सरी, चालंल. सगळ्यांचं कर." ते पुन्हा पडद्याकडे वळले. "आमच्या पोराचं तेवढं ऱ्हाऊ दे."

"पण का, अण्णा?"

"वाढवत तर गेलो. पण सोळाव्या वर्षाचं त्याचं तोंड कसं असंल, ते काय मला दिसंना झालतं. आज हे सात बघितलं, आणि लगेच दिसला बघ."

त्यांना समजवायला हवं होतं. हा आकडा सात राहिला, तर तो मुलगा कुणालाच सापडणार नव्हता, आणि हे माझ्याहून त्यांना जास्त कळत होतं. संध्याकाळपर्यंत मी बाकीच्या सगळ्या मुलांना त्यांची वयं परत दिली आणि ती दर पाडव्याला आपोआप वाढतील असं करून ठेवलं. त्या एका नोंदीला हात लावला नाही.

पुढच्या पाडव्याला सकाळी मी खाली उतरले, तर अण्णा कडुलिंब-गुळाची वाटी घेऊन बनियनवर ओसरीत बसलेले. इतक्या वर्षांची त्यांची सवय ठाऊक असलेल्या अक्कांनी विचारलं, "आज जायचं न्हाई?"

"न्हाई," अण्णा म्हणाले. "ह्या वर्षी तो मोठा हुणार न्हाई."

अक्कांनी त्यांच्या हातातली वाटी घेतली आणि आत गेल्या. मी तशीच मागे फिरले. माडीचा जिना चढताना मला रडू आवरलं नाही.