पुरणाचा दिवा

श्रावणातल्या शुक्रवारी आमच्या अमडापूरच्या घरात जिवतीची पूजा होते. जिवतीचा कागद भिंतीवर लावायचा, लेकरांना पाटावर बसवायचं आणि पुरणाच्या दिव्यांनी ओवाळायचं. मुलगी डोळे मिटून शहाण्यासारखी बसायची. धाकटा मात्र पुरणावर टपलेला. माझं ओवाळून होण्याआधीच तो फू करून दिवा विझवायचा.

"काऊन फुकला रे? दिवा फुकू नाही!" सासूबाई ओरडायच्या. मी त्याच्या पाठीत धपाटा घालायची आणि तोंड फिरवून हसायची. तोवर तुपानं माखलेला दिवा त्याच्या तोंडात गेलेला असायचा.

सात वर्षांचा असताना तो तापानं गेला. पुढच्या श्रावणात मी जिवतीचा कागद आणलाच नाही. लेकरं राखणारी म्हणे! तिचं तोंड बघायची माझी इच्छा नव्हती. पण मुलगी होती. तिच्यासाठी त्याच्या पुढच्या वर्षी मुकाट्यानं हात जोडले.

यंदा मुलगी शिकायला पुण्याला गेली. लेकरू दूर असलं की त्याच्या दिशेनं अक्षता टाकतात. मी पुण्याच्या रोखानं टाकल्या. थोड्या मुठीत उरल्या. धाकट्यासाठी कुठल्या दिशेला टाकायच्या, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सवयीनं मांडलेल्या रिकाम्या पाटावर मी त्या ठेवल्या, ताट जवळ ओढलं आणि दिवा फुंकला.

सासूबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी तो विझलेला दिवा उचलून माझ्या तोंडाजवळ धरला.

"खाय," म्हणाल्या.