मे महिन्यातलं गार अंग

मी जळगावला तातडीच्या विभागात डॉक्टर होते तेव्हा मे महिन्यात बेशुद्ध माणूस आला की सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द असायचा, उष्माघात. त्या दुपारी धरणगावकडच्या खेड्यातून एक साठीच्या बाई आल्या, तेव्हाही ब्रदर आधी बर्फाकडेच धावला. सोबत त्यांचे यजमान होते आणि सून. यजमानांना सून ‘नाना’ म्हणत होती, म्हणून मीही म्हणू लागले.

मी बाईंच्या पोटावर हात ठेवला आणि दचकलेच. अंग गार होतं. बाहेर डांबर वितळत होतं, आमच्या कूलरमधून गरम वारा येत होता, आणि ही बाई माठासारखी गार.

“बर्फ नको,” मी म्हणाले.

मग एकेक कारण खोडत जायचं. साखर तपासली, फार कमी नव्हती. तोंडाला फवारणीच्या औषधाचा वास नव्हता. डोळ्यांच्या बाहुल्या ठीक होत्या. डोक्याच्या स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता. नाडी मात्र इतकी सावकाश, की पुढचा ठोका येतो की नाही असं वाटावं. चेहरा सुजलेला, कातडी कोरडी, जाड.

“या आधी कशा होत्या?” मी विचारलं.

नाना म्हणाले, “पोऱ्या गया तवयपासून अशीच शे, ताई. नुसती झोपे. बठ्ठा लोक म्हनेत, दुःख शे, जाई हळूहळू. उन्हायामा बी गोधडी लागे तिले.”

त्यांचा मुलगा नरडाण्याच्या कारखान्यात कामाला होता. घरी परतताना मोटारसायकलला ट्रकने उडवलं. त्याला वर्ष होत आलं होतं. सोबत आलेली सून ही त्याचीच बायको. ती म्हणाली, “आईंचा आवाजही बदलला होता. फोनवर माहेरचे विचारायचे, कोण बाप्या बोलतोय? आम्हाला वाटलं, रडून रडून घसा बसला.”

मी बाईंची हनुवटी वर केली. गळ्याच्या वळीत एक जुना, पुसट, आडवा व्रण होता.

“हे कसलं ऑपरेशन?”

नाना आठवू लागले. “गाठ व्हती. धुयाना दवाखानामा काढी. भलता वरीस व्हई ग्यात.”

“त्यानंतर रोज सकाळी एक गोळी घ्यायला सांगितली असेल.”

सुनेने माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला. “ती गोळी हेच आणायचे,” ती म्हणाली. नवऱ्याबद्दल बोलत होती.

तो गेल्यावर गोळी कुणी आणली नाही, आणि बाईंनी मागितली नाही. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी काढलेली, आणि तिच्या रसाची जागा घेणारी गोळीही बंद. शरीर महिनोन्‌महिने मंद होत गेलं, आणि घर ते शोक समजत राहिलं. खोटं नव्हतंच ते. शोकही होताच.

तपासणीचा निकाल यायची वाट न पाहता आम्ही इंजेक्शन दिलं, गोळ्या कुटून नळीतून पोटात सोडल्या, अंगावर पांघरुणं घातली. वॉर्डात लोक घामाने निथळत होते आणि नाना बायकोच्या पायांवर घोंगडी सारखी करत होते.

काही दिवसांनी बाईंनी डोळे उघडले. सुनेला बघून जाड, घोगऱ्या आवाजात विचारलं, “जेवनी का तू?”

सून तोंडाला पदर लावून बाहेर गेली. आम्हाला सगळ्यांना वाटलं, जिंकलो. पण पडून पडून छातीत कफ साठला होता, त्याचा न्यूमोनिया झाला. त्यानंतर आठवडा उलटायच्या आत त्या गेल्या.

नानांनी जाताना एवढंच विचारलं, “गोयी चालू राहती ते वाचती का ती, ताई?”

गोळीचा हा प्रश्न ऐकत सून बाजूलाच उभी होती. मी म्हणाले, “नाना, त्यांचं हृदय थकलं होतं.” नानांनी मान हलवली.

पावसाळ्यात सून नानांना दम्यासाठी घेऊन आली. त्यांना बाकावर बसवून ती एकटी आत आली.

“मॅडम, त्या दिवशी तुम्ही नानांना खोटं सांगितलं ना?”

मला नाही म्हणता आलं नाही.

“बरं केलं. पण मला माहीत हवं होतं.” ती समोरच्या खुर्चीत बसली. “अपघातानंतर पोलिसांनी यांची बॅग दिली होती. मी ती खुंटीला टांगली, उघडायचा धीरच झाला नाही. आई गेल्यावर काढली. डब्याखाली गोळ्यांची बाटली होती. सील तसंच.”

मी उठून तिला पाणी दिलं. ती पाणी प्यायली, डोळे पुसले आणि म्हणाली, “चला, नानांना तपासा. ते लई वेळ बसले की घाबरतात.”