ब्रिलियंटचं माहेर

चकाकी सर खरं बोलत होते हे मला माहीत होतं, तरी तपासणीला आलेल्या साहेबांपुढे मी नाही म्हणालो. हे आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. आता लपवायचाही थकवा येतो.

सत्तरच्या दशकात जाफराबादच्या एका शाळेत आम्ही दोघं इंग्रजी शिकवायचो. ते मॅट्रिकला, मी नवा, खालच्या वर्गांना. 'ब्रिलियंट' हा त्यांचा लाडका शब्द, म्हणून पोरांनी ठेवलेलं चकाकी हे नाव. काही पोरं म्हणत, टकलावरच्या तेलामुळं. सरांच्या कानावर गेलं तर म्हणाले, "दोन्ही खरंय. बसा खाली."

नुसता अर्थ सांगून त्यांचं भागत नसे. शब्दाचं माहेर शोधायचे. ब्रिलियंट म्हणजे आधी चकाकणारं, मग पैलू पाडलेला हिरा. हुशार माणूस फार उशिरा. शब्द फ्रेंचांकडून आला, त्यांच्याकडे इटलीतून, आणि त्याच्याही मागं बहुधा एका हिरवट रत्नाचं ग्रीक नाव. ते नाव आपल्याकडून गेलेलं: पालीत वेळुरिय, संस्कृतात वैडूर्य. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर सर आपले आपणच पाली शिकले होते. एकदा मी औरंगाबादला निघालो तर म्हणाले, कॉलेजातला मोठा कोश पाहून या, चुकत असलो तर बिनधास्त सांगा. पाहिला. बराबर निघालं. त्यांनी मला भजी खाऊ घातली आणि दिवसभर उगाच हसत राहिले.

तपासणीचा पाठ आमच्याकडे आधी घोटून घेत. कुणाला काय विचारायचं, उत्तर कोण देणार, सगळं ठरलेलं. सरांनी घोटला नाही. साहेबांसमोर एका पोरानं मधेच ब्रिलियंटचं माहेर विचारलं आणि सर थेट वेळुरियपर्यंत गेले.

साहेब हसले. "आता इंग्रजीही तुमच्या पालीतूनच आली म्हणा की."

हेडमास्तर हसले, मग पोरं. मी मागच्या बाकावर बसलो होतो. सर म्हणाले, "यांनी कोश पाह्यलाय. विचारा यांना."

माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. मी म्हणालो, "मला तसं कुठं आढळलं नाही."

सरांनी फळा पुसला आणि पुढचा शब्द घेतला.

जूनमध्ये मॅट्रिकचं इंग्रजी माझ्याकडे आलं, त्यांना पाचवी मिळाली. ते रागावतील म्हणून मी वाट पाहत राहिलो. एवढंच म्हणाले, "भिऊन गेल्ते तुम्ही, कळलं मला. मंग पोरांना शब्दांची माहेरं तेवढी सांगत जा." तेही मी केलं नाही. वर्षानुवर्षं तयार उत्तरं लिहून दिली. निवृत्तीनंतर सर अंबडला गेले, तिथंच वारले.

त्या वर्गातली पोरं अजून भेटतात. सरांचा विषय निघाला की वेळुरिय म्हणून हसतात, आणि मीही हसल्यासारखं करतो. त्या दिवशी खोटं सर बोलले नव्हते, मी बोललो होतो, हे त्यांना सांगणं माझ्याकडे अजून बाकी आहे.