चष्माताईचा सर्व्हर कोणी पुसला

पुसलं ते पुसलं, पण त्या माणसाने नाव टाइप केलं हो! मशीन विचारत होती, सगळं कायमचं जाईल, खात्री असेल तर सर्व्हरचं पूर्ण नाव लिहा. मशीनलासुद्धा शंका आली असेल! आणि कर्णबधिर मुलांच्या शाळेचे सेक्रेटरी साहेब चहाचा कप बाजूला सारून, एकेक अक्षर शोधत ते नाव लिहून मोकळे झाले.

सर्व्हर चष्माताईचा. म्हणजे कागदावर शाळेचा, खातं सेक्रेटरींच्या नावावर, पण जीव ताईचा. चष्माताई हे नाव मुलांनी ठेवलेलं. ऐकू न येणारी मुलं माणसाला हातानेच नाव देतात, आणि ही सारखी घसरणारा चष्मा एका बोटाने वर ढकलते, म्हणून तिचं नाव म्हणजे नाकावर एक बोट. बस.

ताईला ऐकू येतं. पण आईबाबा दोघंही कर्णबधिर, त्यामुळे ती तोंडाआधी हाताने बोलायला शिकली. शाळेत तिची नोकरी दुभाष्याची. आणि घरच्या वेळात तिने उभा केला तो हातांच्या भाषेचा शब्दकोश. साइट उघडा, शब्द निवडा, कोणीतरी व्हिडिओत तो शब्द हाताने करून दाखवतं. आधी हे व्हिडिओ एका चकचकीत ॲपवर होते. त्या ॲपने एक दिवस प्रत्येक व्हिडिओच्या खालच्या भागावर जाहिराती चिकटवल्या. खालच्या भागात काय असतं? हात! हातांच्या भाषेत हातच झाकले! ताईचं डोकं असं सटकलं की तिने शाळेला क्लाउडवर, म्हणजे दूरच्या एका कंपनीकडे, एक मशीन भाड्याने घ्यायला लावली, त्यावर लिनक्स ही सगळ्यांना मोकळी असलेली सिस्टीम टाकली, आणि चुकत, रडत, जगभरच्या अनोळखी लोकांना विचारत सगळं स्वतः शिकली. भाड्याची खोली खरी, पण आतला खिळा न् खिळा तिने ठोकलेला. दर शनिवारी अपडेट टाकायची, लॉग, म्हणजे मशीनची आल्यागेल्याची नोंदवही, वाचायची. लॉगमध्ये दिसायचं, कुठून कुठून चोर येऊन दार खडखडवून, पासवर्ड मारून मारून बघून जातात. ताई हसायची. "या रे, या. कुलूप बघा आणि जा घरी."

बाहेरचा एकही आत शिरला नाही. घरच्यानेच घर पाडलं.

सोमवारी सकाळी ती लॉगिन करायला गेली तर स्क्रीनवर भलामोठा इशारा: ही तुमची ओळखीची मशीन नाही, समोरची ओळख बदलली आहे. तिला वाटलं, कोणीतरी फोडलं. धावत ऑफिसात गेली तर सेक्रेटरी खुशीत.

"या या ताई! बघितलंत का? मीच केलं!"

"काय केलंत?"

"अहो, सहज आत जाऊन बघितलं तर काय, काळी स्क्रीन! एक रेघ नुसती लुकलुकतेय. ना चित्र ना बटण. म्हटलं बंद पडलंय. शेजारीच नव्या सिस्टीमची यादी होती, जुनं काढून त्यातलं एक छान खिडक्यावालं बसवलं. आता माऊस चालतो!"

"ती स्क्रीन तशीच असते, साहेब. व्हिडिओ कुठेयत?"

"असतील ना आतच कुठेतरी."

"बॅकअप? कंपनीकडे रोज एक प्रत जायची, ती?"

"ते होय! ते मागेच बंद केलं मी. एकच गोष्ट दोनदा कशाला ठेवायची?"

साहेबांनी वर समजूतही घातली. "एवढं काय मनाला लावून घेता? सिस्टीम फुकटचीच होती ना?"

फुकटची! हजारो लोकांनी रात्रंदिवस घासून, कोणालाही उघडून बघता येईल अशी मोकळी ठेवलेली गोष्ट, आणि याच्या लेखी फुकटची. म्हणजे टाकाऊ. म्हणजे ताईची इतकी वर्षंसुद्धा त्याच भावात.

भाड्याच्या कंपनीला तिने लिहिलं. क्षणात उत्तर आलं, "तुमचा अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे." दुसऱ्यांदा लिहिलं, तेच उत्तर. तिसऱ्यांदा उत्तराला खराखुरा माणूस आला आणि म्हणाला, डिस्क कायमची गेली, खातेदाराने स्वतः खात्री दिली होती.

बहुतेक शब्द ताईच्या घरच्या डिस्कवर होते. नव्हते ते फक्त शेवटचे, बाबांचे. ते सरळ सर्व्हरवर चढवून तिने कॅमेरा रिकामा केला होता, घरी उतरवायचे राहिले होते, आणि त्याबद्दल ती स्वतःलाही शिव्या घालत होती.

बाबा शिंपी. कोट शिवायच्या कारखान्यात चार कर्णबधिर शिंपी एका ओळीत बसायचे आणि त्यांनी आपसात हातांची एक भाषा तयार केली होती, जी जगात दुसरीकडे कुठेही नाही. काज, उलटी टीप, कापड आटणार, गिऱ्हाईक मापात खोटं बोलतंय, मालक येतोय माना खाली. तिघं जण गेले. उरले बाबा. ताईने महिनाभर मागे लागून त्यांना कॅमेऱ्यासमोर बसवलं, सगळं करून घेतलं. त्यानंतर बाबा जिन्यात घसरले. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, आणि डॉक्टर म्हणाले, मनगट पुन्हा तसं वळेलच असं नाही.

आता कळलं काय गेलं ते?

बाबांना कळल्यावर ते घरी थांबेचनात. दुसऱ्या दिवशी शाळेत आले, सेक्रेटरींच्या समोरच्या खुर्चीत बसले.

"ताई, सांगा बाबांना," साहेब म्हणाले, "मोठा कॅमेरा मागवू, मस्त लायटिंग करू, पुन्हा शूट करू."

ताईने सांगितलं. बाबा डाव्या हाताने बोलले. एका हाताने, म्हणजे तोंडात घास असताना बोलावं तसं.

"काय म्हणाले?"

आजवर दोन्हीकडचं बोलणं घासून गुळगुळीत करून पोचवायची सवय तिला. कोणाला लागू नये म्हणून. आज तिने तसंच्या तसं सांगितलं.

"म्हणतायत, गाढव आहे का हा? माझे तिघं दोस्त एकदा मेले होते, याने पुन्हा मारले. आणि ही माझी मुलगी बाजूच्याच खोलीत बसते. याने हाक मारली असती तर हिला ऐकू आलं असतं."

साहेब लालबुंद. "अहो... मला कुठे माहीत होतं... सॉरी म्हणतो मी. सांगा त्यांना सॉरी."

"तुम्हीच सांगा की."

"मी?"

"बाबा समोरच बसलेत."

साहेबांनी हात उचलला. हवेत धरला. खाली ठेवला. कर्णबधिरांच्या शाळेचा सेक्रेटरी, अकरा वर्षं, आणि सॉरी येत नाही! एवढा एक शब्द! साइटवर होता तो, पहिल्याच पानावर. ताईने शिकवला नाही. मुद्दाम नाही शिकवला.

बाबांनाच कंटाळा आला. त्यांनी टेबल थोपटलं, ताईला म्हणाले, फोन काढ. डाव्या हाताने 'काज' करायला घेतलं आणि अडले. काज दोन हातांचं. एक हात कापड, दुसरा सुई. प्लास्टर उचलून बघितलं, जमेना. मग त्यांनी ताईचा उजवा हात ओढला, आपल्या डाव्यासमोर धरला, तिची बोटं हवी तशी वाकवली. तू कापड हो.

आता फोन कोण धरणार? खोलीत तिसरं कोण होतं?

ताईने फोन साहेबांच्या हातात दिला. "धरा. हलवू नका. कशालाही हात लावू नका."

साहेबांनी दोन्ही हातांनी धरला. थोड्या वेळाने त्यांचा आवाज आला, अगदी बारीक.

"ताई, ते लाल बटण... दाबू का?"

"हो," ताई म्हणाली. राग तसाच होता, आवाजातसुद्धा. "ते दाबा."